देऊळ फिरलं, नंदी नाही

गाणं आवडलं की लोक टाळ्या वाजवतात, वन्समोअर देतात, फारच रंगलं तर उठून पेटीवर नोट ठेवतात. औंढ्याला देऊळ फिरलं. नामदेव महाराज नागनाथासमोर कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना मागच्या बाजूला पिटाळलं, महाराज मागे जाऊन गाऊ लागले आणि देवळानं आपलं तोंडच तिकडे फिरवून घेतलं, ही गोष्ट आमच्या हिंगोली जिल्ह्यात पोरांना शाळेत जायच्या आधी पाठ असते. पुरावाही दाखवतात. इतर ठिकाणी नंदी देवाच्या समोर, औंढ्याला तो देवळाच्या मागे. देव गाण्याकडे वळला, नंदी जागचा हलला नाही.

भाविकांना या कथेत नामदेवांची थोरवी दिसते. मला नंदी दिसतो. आमच्याकडचा संगीत नाटकाचा चाहता थेट त्याच्या वंशातला आहे. ज्या मतावर बसला, त्यावर बसला. नट बदलो, चाल बदलो, नाटकाचा सिनेमा होवो, याचं तोंड जिकडे होतं तिकडेच.

नाटकांच्या मोठ्या गाड्या नांदेडपर्यंत येतात, परभणीपर्यंत येतात. १ मे १९९९ ला परभणीतून फुटून आमचा जिल्हा झाला, तेव्हा कलेक्टर आले, एसपी आले, झेडपी आली. नाटकं वाटणीत परभणीलाच राहिली. पण मत द्यायला नाटक बघावं लागतं हा पुण्या-मुंबईकडचा समज आहे. तिकडचा माणूस तिकीट काढतो, तीन तास बसतो आणि बाहेर येऊन "छान होतं" एवढंच बोलून गाडी कुठं लावली ते आठवत बसतो. आमच्याकडे चाळीस सेकंदांची क्लिप बघून तीन तास बोलतात.

हे बोलणं ऐकायचं असेल तर हळदीच्या हंगामात मार्केट यार्डाबाहेरच्या टपरीवर यावं. बोली व्हायची असते, काटा व्हायचा असतो, ट्रॅक्टरांची रांग हलत नसते आणि माणसाला वाट बघताना जे सुचतं त्यात नाट्यसमीक्षेचा नंबर आमच्याकडे बराच वर आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. त्याच कागदावर यार्डाबाहेरची मतंही घ्यायला हवी होती. असा माल दुसऱ्या मातीत होत नाही.

टपरीवरच्या या न्यायपीठाचे मुख्य न्यायाधीश म्हणजे पेटीवाले गुरुजी. झेडपीच्या शाळेतून निवृत्त, भजनी मंडळात पेटी, परभणी आकाशवाणीवर नाट्यसंगीत लागलं की रस्त्यात स्कूटर उभी करणारे. दुसरे टेलरमामा. गावोगावच्या गॅदरिंगचे अंगरखे त्यांनी शिवलेले, त्यामुळे त्यांना नाटक शिवणीतून दिसतं. तिसरे आडते काका, त्यांना नाटक हिशेबातून दिसतं. चौथे बँकेतले साहेब. साहेब पंचविशीचे, पुण्याहून बदलून आलेले आणि चर्चेतलं नाटक नाट्यगृहात बसून पाहिलेले एकटेच. म्हणून त्यांच्या मताला किंमत नाही.

"तुम्ही समोर बसून बघितलं ना साहेब, म्हणून तुम्हाला नाही कळायचं," असं काका त्यांना फार मायेनं समजावतात. "जवळून बघितलं की माणूस भुलतो. आम्ही लांबून बघायलो."

'संगीत देवबाभळी'चा खटला या पीठासमोर कितीतरी हंगाम चाललाय. प्राजक्त देशमुख यांनी लिहून बसवलेलं, आनंद ओक यांच्या संगीताचं हे नाटक भद्रकाली या नाट्यसंस्थेनं २०१७ मध्ये रंगभूमीवर आणलं. तुकोबांना भाकरी घेऊन भंडारा डोंगराकडे निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो, तो काढायला खुद्द विठ्ठल येतो, आणि हे कळल्यावर रुसलेली रखुमाई लखुबाई होऊन आवलीच्या घरी कामाला येऊन राहते. दोन बायका, एक घर, दोघींचं एकाच विठ्ठलावर गाऱ्हाणं. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी दोघी अभिनयही करायच्या आणि गायच्याही. साहेबांनी ते पाहिलं, रडले आणि ते टपरीवर सांगून बसले.

"रडायचं काय त्यात?" गुरुजी म्हणाले. "पट्टी काय होती?"

साहेबांना पट्टी माहीत नव्हती. गुरुजींनी मान हलवली. पट्टी न विचारता रडणारा माणूस त्यांच्या लेखी अजून बालवाडीत आहे. मग त्यांनी क्लिप लावून घेतली, मोबाईल कानाशी धरला, डोळे मिटले, आणि बोटं टेबलावर पेटी शोधू लागली. "सूर पक्का आहे पोरींचा," त्यांनी निकाल दिला. "पण ही काही फडावरची चाल नव्हे. आमच्या मंडळात या चालीवर टाळ धरला तर निम्मे टाळकरी पुढच्या गावाला पोचतील आणि निम्मे मागच्या."

टेलरमामांनी क्लिप आवाज बंद करून पाहिली. नऊवारीतल्या बाईनं उठाबशी केली, बसून काम केलं, पुन्हा उठली, गायली, तरी कासोटा जागचा हलला नाही, याचं त्यांना गाण्यापेक्षा नवल. "ते नेसवणारं कोण आहे, त्याला बक्षीस दिलं का नाही?" लेखकाला या नाटकासाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाल्याचं साहेबांनी सांगितलं. मामा म्हणाले, "लेखकाचं नाही विचारायलो मी."

काकांचा आक्षेप आर्थिक होता. "सगळ्या नाटकात दोनच बाया?"

"दोनच."

"आपले लक्ष्मणराव देशपांडे औरंगाबादचे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'त एकटा माणूस अन् ५२ पात्रं. एकाच तिकिटात ५२. इथं दोन बायांत दोन पात्रं. हिशेब नाही लागत, साहेब."

लक्ष्मण देशपांडे हे मराठवाड्याच्या माणसाचं शेवटचं अस्त्र असतं. ते निघालं की समोरच्यानं चहा सांगायचा. पण साहेब त्या दिवशी तयारीनं आले होते. ते म्हणाले, मराठवाड्याचंच बोलायचं तर 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' बघा. जांबसमर्थच्या राजकुमार तांगडेंनी लिहिलेलं, संभाजी भगतांची संकल्पना आणि संगीत, नंदू माधवांचं दिग्दर्शन, २०१२ चं नाटक. पोवाडा, शाहिरी, गाणी, सगळं त्यात. आणि काम करणारे बरेचसे जालन्याकडचे शेतकरी!

टपरीवर अभिमानानं क्षणभर सगळ्यांच्या माना ताठ झाल्या. मग काका म्हणाले, "सगळीकडे प्रयोग करत हिंडले म्हणता. मग पेरणी कोणी केली?"

यावर साहेबांजवळ उत्तर नव्हतं. मराठी रंगभूमीवर एवढे ग्रंथ लिहिले गेले, त्यातही हा प्रश्न कुणी घेतलेला नाही.

गुरुजींशी वाद घालताना एक पथ्य पाळावं लागतं. १९२१ चा विषय काढायचा नाही. त्या साली टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी मिळून 'मानापमान' केलं, केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. गुरुजींचा जन्म त्यानंतर तीसेक वर्षांनी झाला, तरी ते त्या प्रयोगाबद्दल तिसऱ्या रांगेत बसल्यासारखं बोलतात. केशवरावांची कुठली तान कुठून सुटली, बालगंधर्वांनी शालूचा पदर कसा सावरला, कुठल्या जागेवर प्रेक्षकांतून 'वाहवा' आली. आपण विचारावं, "गुरुजी, तुम्हाला कसं माहीत?" तर म्हणतात, "आमचे वडील सांगायचे." वडील तरी त्या प्रयोगाला गेले होते का? नाही. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. थोडक्यात, क्लिपवरून मत बनवायची पद्धत मोबाईलच्या बरीच आधीची आहे. जानेवारी २०२५ मध्ये 'संगीत मानापमान'चा सिनेमा आला, तेव्हा गुरुजींनी तो न बघताच नापास केला. त्यांचं म्हणणं रास्त होतं. केशवराव आणि बालगंधर्वांनंतर कुणी कशाला प्रयत्न करावा? हाच न्याय लावला तर गुरुजींच्या भजनी मंडळानं नामदेव गेले त्या १३५० नंतर अभंग म्हणायला नको होते, पण हे त्यांच्या तोंडावर बोलायला माझ्यात धाडस नाही. त्यांनी मला चौथीत शिकवलंय.

'कट्यार काळजात घुसली'च्या बाबतीतही तसंच. नाटक १९६७ चं, सिनेमा २०१५ चा, आणि हिंगोलीत दोन्हीचे चाहते एकाच लग्नाच्या पंगतीत समोरासमोर आले तर वाढप्यानं मधूनच जावं. नाटकवाल्यांच्या दृष्टीनं वसंतराव देशपांड्यांनंतर त्यातले खाँसाहेब कुणी झालेच नाहीत. सिनेमावाल्यांनी वसंतरावांना यूट्यूबवर ऐकलंय, मानलंय, पण त्यांना गाणी पाठ आहेत ती सिनेमातली. जिलेबी येईपर्यंत दोन्ही बाजू घसा साफ करत असतात. त्यानंतर गायला सुरुवात होते आणि खाँसाहेब कुठलेच राहत नाहीत.

मध्यंतरी काकांवर एक प्रसंग आला. मार्च २०२५ मध्ये त्यांच्या मुंबईच्या मुलानं त्यांना बीकेसीतल्या नीता अंबानी सांस्कृतिक केंद्रात 'द फँटम ऑफ द ऑपेरा' दाखवायला नेलं. २०२४ पासून आमच्याकडे मुंबईची जनशताब्दी यायला लागली, त्यामुळे हिंगोलीच्या माणसाला आता संगीत नाटकासाठी गाडी बदलावी लागत नाही, फक्त दिवसभर बसावं लागतं. काका परतले तेव्हा यार्डात बोली थांबली म्हटलं तरी चालेल.

"कसं होतं?"

"झुंबर पडतं."

"अन्?"

"बाई गाती. मुखवटेवाला तळघरात गातो. मग पुन्हा बाई गाती. माणसं चांगली आहेत, पण कोणी साधं बोलत नाही. 'चहा घ्या' म्हणायचं तरी आलापीत."

"इंग्रजी कळलं का?"

"रामलीलेतली हिंदी तरी कुठं सगळी कळती आपल्याला?"

तिकिटाचा आकडा काकांनी हळदीत सांगितला, त्यामुळे गांभीर्य सगळ्यांच्या लगेच लक्षात आलं. लंडनला हे नाटक १९८६ पासून चालू आहे हेही त्यांना मुलाकडून कळलं होतं. पण त्यांना पडलेला प्रश्न निराळा होता. झुंबर जर रोज पडतं, तर ते रोज वर कोण चढवतं, आणि त्या माणसाला टाळ्या का मिळत नाहीत? मला विचाराल तर या नाटकावर मी वाचलेल्यांत हा सगळ्यात मूलगामी प्रश्न आहे.

पण काकांचं आसन त्या दिवशी डळमळलं. ते नाटक बघून आले होते. आतापर्यंत ते लांबून बघणाऱ्यांतले, आता ते साहेबांच्या बाजूला जाऊन पडले. काका काही सांगायला लागले की टेलरमामा प्रेमानं म्हणायचे, "तुम्ही जवळून बघितलं काका, तुमचं राहू द्या." साक्षीदार झालेल्या माणसाला न्यायाधीश राहता येत नाही. काकांनी नंतर एकदा, "अर्धा वेळ मी झोपलोच होतो," असं जाहीर केलं, तेव्हा कुठं त्यांना जागा परत मिळाली.

हिंगोलीला स्वतःचं म्हणून एक संगीत नाटक आहे, हे मात्र पीठ कधी मान्य करत नाही, कारण ते त्यांनी खरोखर पाहिलेलं आहे. दरवर्षी नवरात्रात खाकीबाबा मठाच्या सार्वजनिक दसरा महोत्सवात रामलीला मैदानावर रामलीला होते. परंपरा दीडशे वर्षांहून जुनी. लंडनचं झुंबर अजून चाळिशीच्या आसपास आहे. उत्तरेकडची मंडळी येतात, पेटी-ढोलकीवर चौपाया म्हणतात, मराठी मुलखात हिंदीतून राम वनवासाला जातो आणि कुणाला काही वावगं वाटत नाही. हिंगोली ही निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. त्या फौजेत उत्तरेकडचे शिपाई पुष्कळ. बहुधा त्यांच्या पडशीतूनच रामलीला इकडे आली असावी. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम गेला, त्याच्याही बरीच आधी फौज गेली, चौपाई राहिली.

या रामलीलेचे चाहते जगात सगळ्यात कडक. गोष्ट प्रत्येकाला पाठ, शेवट तर मैदानाच्या कडेला बांबूवर उभाच केलेला असतो. त्यामुळे पुढे काय होणार या चिंतेत वेळ न घालवता सगळं लक्ष नटांवर. "यंदाचा हनुमान वाळलाय." "मागच्या वर्षीचा लक्ष्मण यंदा परशुराम झालाय का?" "झालाय. प्रमोशन." जुन्या रिवाजानं सीता पोरगाच होणार, त्याच्या चालण्यावर बायकांच्या गोटातून बारीक टिपण्या. शेजारी प्रदर्शनात आकाशपाळणा, मौत का कुआँ, भेळ. अशोकवनात सीतेनं चढ्या सुरात विलाप धरावा आणि पलीकडच्या कर्ण्यावरून "शेवटचे पाच मिनिट, शेवटचे पाच मिनिट" अशी आरोळी यावी. सीतेला धीर देणारी इतकी नेमकी ओळ तुलसीदासांनाही सुचली नाही.

गुरुजी दरवर्षी पहिल्या रात्री जातात आणि पेटी अर्ध्या सुरानं उतरलेली आहे असं सांगत परततात. दुसऱ्या रात्री पुन्हा जातात, उतरलीच आहे ना याची खात्री करायला. रावण जळेपर्यंत त्यांची खात्री होत नाही. मामांनी एकदा रामाच्या अंगरख्याची उसवलेली बाही खालूनच हेरली आणि मध्यंतरात सुईदोरा घेऊन रंगपटात शिरले. तिथं शबरी बिडी ओढत होती. त्याचं मामांना काही नाही. बाहीला कच्ची शिलाई घातलेली होती, त्याचं मात्र अजून आहे.

एवढं सगळं यार्डात घोळत असताना एक दिवस शेजारच्या खानावळीतल्या मावशी मध्ये पडल्या. मावशींच्या हातचं पिठलं तालुक्यात नावाजलेलं आणि एकादशीच्या बायकांच्या भजनात पहिला आवाज त्यांचा. 'देवबाभळी'वर पुन्हा तेच गुऱ्हाळ चाललं होतं. मावशींनी भाकरी थापता थापता विचारलं, "आवलीनं विठ्ठलाला शिव्या दिल्या म्हणून नाटक झालं ना? मग आमच्या राजाईचं काय?"

कुणी काही बोलेना, कारण सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं.

राजाई म्हणजे नामदेवांची बायको. नामदेव नरसीचे, आमच्या कयाधूच्या काठचे. (इतर गावंही त्यांच्या जन्मावर हक्क सांगतात. हा लेख हिंगोलीत लिहिला जातोय, त्यामुळे ते इथं चालणार नाही.) नवरा देवाच्या नादी लागलेला, घरात दाणा नाही, म्हणून राजाईनं थेट रखुमाईकडे गाऱ्हाणं नेलं की तुमच्या नवऱ्याला सांगा, माझ्या नवऱ्याला त्यानं खुळं केलंय. तसे तिच्या नावाचे अभंगच गाथ्यात आहेत. म्हणजे दोन बायका, दोघींचे नवरे, मध्ये विठ्ठल, हा प्रवेश आवलीच्या तीनेकशे वर्षं आधी आमच्या जिल्ह्याच्या सुनेनं करून ठेवलेला! बरं, एवढ्यावर थांबत नाही. सासू गोणाईच्या नावावर अभंग, सुनेच्या नावावर अभंग, दासी जनाबाईचे तर घरोघरी. ज्या घरात सासू विठ्ठलाशी भांडते, सून रखुमाईशी, आणि जात्यावरची जनी या सगळ्यांवर ओव्या रचते, तिथं वेगळं संगीत नाटक बसवायची गरजच नव्हती. रोज सकाळी पडदा वर.

पीठ पहिल्यांदा एकमतानं उठलं. नाटक झालंच पाहिजे. संगीत गुरुजींचं, चाली फडावरच्या, पट्टी काळी चार. काकांनी पात्रं मोजली, दहाच्या पुढे गेल्यावर समाधानानं मान हलवली आणि पैशाचं हळद विकली की बघू म्हणाले. मामांनी पिशवीतून टेप काढून राजाईच्या लुगड्याचा अंदाज घेतला. फाटकं दिसलं पाहिजे पण फाटता कामा नये, हा त्यांचा आग्रह. देऊळ फिरतं तो प्रवेश फिरत्या रंगमंचावर करावा असं साहेबांनी सुचवलं. ते सगळ्यांना आवडलं, पण साहेबांना कुणी तसं कळू दिलं नाही. नंदी कोणी व्हायचं यावर थोडं भांडण झालं, कारण रंगमंचभर फिरणाऱ्या सगळ्यांत हलायचं नसणारा तो एकच, आणि गुरुजींपासून मामांपर्यंत प्रत्येकाला ते काम आपल्याला जमेल असं वाटत होतं.

लिहिणार कोण, हे साहेबांनी विचारलं. "लिहील कोणी तरी," काका म्हणाले, आणि चर्चा पुढे सरकली.

आठवड्याभरानं मी टपरीवर गेलो तर गुरुजी कपाळाला आठ्या घालून बसलेले. "पहिला अंक चांगला आहे," ते म्हणाले, "पण दुसरा पडतो."

"पडतोच," मामा म्हणाले. "लांबलाय. राजाईची दोनचार पदं काढा मावशी."

आतून भाकरी थापण्याचा आवाज थांबला. "राजाईचं एक पद निघायचं नाही," मावशी म्हणाल्या. "काढायची तर नामदेवाची काढा. ती लोकांना पाठ आहेत."